निजवलेला उंबरा

उभ्या नगर जिल्ह्यात, भेटलेल्या माणसाच्या तोंडाकडे न बघता आधी त्याच्या गुडघ्यांकडे बघणारा एकच इसम आहे, आणि तो नेमका आमच्या हिचा सख्खा मामा निघाला. साखर कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला, आणि रिटायर झाल्यावर काष्टीजवळच्या वस्तीवर यांनी घर बांधायला काढलं. लोक बंडीच्या खिशात पानतंबाखू ठेवतात, हे मेजर टेप ठेवत. एकदा मी जेवायला बसलो, तर पान वाढून होतंय तोवर यांनी माझ्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत टेप धरली आणि म्हणाले, “जावईबापू, तुमाला सतरा इंची कमोड लागंल.” समोर श्रीखंड होतं. आता सांगा, माणसानं काय बोलावं? कुणाच्या दहाव्याला गेले तरी म्हाताऱ्यांच्या घोळक्यात शिरून विचारायचे, “उठताना हात कुठं टेकता?” आणि उत्तर डायरीत लिहून घ्यायचे. पुढंपुढं मामा दिसले की म्हातारी माणसं हात न टेकता ताडकन उठून चालू लागायची.

या सगळ्याच्या मुळाशी होत्या आक्का, म्हणजे मामांची थोरली बहीण आणि माझ्या सासूबाई. त्या पुणतांब्याला. खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांच्या हातात वॉकर आला. त्या साली भाऊबीजेला माहेरी आल्या, तर मामांच्या जुन्या घराला पाच उंच पायऱ्या. मग काय, चौघा गड्यांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून आत नेलं. खुर्ची टेकल्याबरोबर आक्का कडाडल्या, “चौघांनी उचलायचं ते येकदाच! आता ह्या घरात माझं पाऊल न्हाई.” बाईचा शब्द म्हणजे शब्द. तीन वर्षं आल्या नाहीत. मामा पुणतांब्याला जाऊन ओवाळून घेत, पण बहिणीला माहेर तुटलं हे त्यांना फार लागलं होतं. शेवटी त्यांनी जुनं घरच पाडलं. “आक्का तिच्या पायानं आत यील असं घर बांधतो. न्हाई आली तर त्या घरात मी बी राहनार न्हाई,” म्हणाले. मामी म्हणाल्या, “मग मी एकटीच राहते, निवांत.”

बरं, घर आक्कांपुरतंच बांधावं की नाही? नाही. लेकराबाळांपासून आंधळ्या-पांगळ्यांपर्यंत सगळ्यांना जमलं पाहिजे, म्हणून मामा आठवडाभर आळीपाळीनं सगळे झाले. सोमवारी उजवा हात गळ्यात बांधून घेतला आणि डाव्यानं नळ उघडून पाहिले. मंगळवारी गुडघ्यांवर चालत पाच वर्षांचे झाले आणि दिव्याच्या बटणाला हात पुरेना म्हणून मामींवरच खेकसले. बुधवारी पोटाला ज्वारीचं गाठोडं बांधून नववा महिना लागल्यासारखे वस्तीभर फिरले. बायकांनी खिडक्या लावून घेतल्या. गुरुवारी डोळ्यांना पट्टी बांधून स्वयंपाकघर समजून गोठ्यात गेले आणि भिजवलेल्या पेंडीचा एक घोट घेऊन म्हणाले, “च्यात साखर कमी हाय.”

मग आला पायऱ्यांच्या जागचा उतार. उतार किती असावा यावर इंजिनिअरनं कागदावर काहीतरी आकडा दिला होता, पण मामांचा कागदावर विश्वास नाही. ते काष्टीच्या जनावरांच्या बाजारात गेले आणि टेम्पोतून म्हशी उतरवताना दिवसभर बघत बसले. संध्याकाळी सिद्धान्त घेऊनच परतले, “ज्या उतारावर म्हस बिचकत न्हाई, त्याच्यावर मानूस पडत न्हाई!” झालं. रोज सकाळी घरची म्हैस उतारावर चढवायची आणि ती बिचकली की गवंड्याला म्हणायचं, फोड. तिसऱ्यांदा फोडल्यावर गवंड्यानं थापी फेकली. “मामा, घर बांधायचंय का घाट?” शेवटी उतार इतका लांबला की तो तुळशीला वळसा घालून जवळजवळ रस्त्याला लागला. म्हशीला मात्र तो इतका आवडला की ती विनाकारणच वरखाली करायला लागली.

वास्तुशांतीला व्हायचं तेच झालं. भटजी मंत्र म्हणतायत, आणि म्हैस रोजच्या सवयीनं उतार चढून सरळ आत! कलशातली विड्याची पानं तिनं शांतपणे खाल्ली. भटजी उठले ते धावत स्वयंपाकघरात, आणि तिथं मामांनी बसून स्वयंपाक करणाऱ्यांसाठी एक बुटका ओटा केला होता त्यावर चढून उभे राहिले. सगळे ओरडतायत, आणि मामा हात वर करून म्हणतात, “थांबा, थांबा, वळू द्या तिला!” वॉकर घेऊन गिरकी मारता यावी म्हणून त्यांनी मोकळी जागा सोडली होती. म्हैस तिथं सावकाश वळली, कुठंही न घासता, आणि आल्या वाटेनं निघून गेली. मामांचं तोंड उजळलं. “बघितलं? आनि भटजी चढले म्हंजे ओट्याची उंची बी बराबर हाय.”

त्याच गडबडीत कुणाच्या तरी लक्षात आलं, की घराला उंबराच नाही. वॉकर अडायला नको म्हणून मामांनी तो ठेवलाच नव्हता. “अहो, लक्ष्मी घरंगळून जाईल!” मामा म्हणाले, “शिंगणापुरात दारंच न्हाईत. तिथली गेली का?” लोक गप्प बसले, पण बातमी कुठं बसते? ती पुणतांब्याला पोचली, आणि आक्कांचा हिला फोन आला. “त्या उंबऱ्यावरून मी नवरी हून भाईर पडले. बिनउंबऱ्याच्या घराला का माहेर म्हनायचं? मी न्हाई यायची. सांग त्याला.”

हिनं सांगितलं. मामा खालीच बसले. ज्या बहिणीसाठी एवढा खटाटोप केला, तिलाच ते घर नको झालं होतं. त्या दिवशी त्यांनी कुणाचं माप घेतलं नाही. मला तर त्यांच्याकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी उठून गोठ्यात गेले, जुन्या घराचा सागवानी उंबरा तिथं पडला होता तो आणला, दारातली फरशी फोडली आणि तो जमिनीत असा बसवला की त्यावरून चेंडू घरंगळवला तर थेट आत जावा. मग स्वतः फोन लावला. “आक्का, उंबरा हाय. काढला न्हाई, निसता निजवलाय. तू ये.”

भाऊबीजेला आम्ही आक्कांना गाडीत घालून आणलं. “लांबनं बघीन आनि माघारी जाईन,” असं वाटभर बजावत होत्या. उतार त्या एकट्या चढल्या. मामा मागं मागं, हात पसरून, पण न शिवता. दारात आक्का थांबल्या. त्या लाकडावर जुना खिळा होता, तो वॉकरच्या पायानं चाचपून बघितला. आणि मग, तिथं काही अडत नसताना, चांगला वीतभर पाय उचलून त्या आत गेल्या. “सपाट हाय, आक्का! सपाट हाय!” मामा ओरडले. “गप रं,” आक्का म्हणाल्या.

आत जाऊन बघतात तर ओवाळायचा पाट जमिनीवर. “मेल्या, एवढं केलंस, आनि मी वाकू कशी?” कुणी खुर्ची आणली, तर म्हणाल्या, “न्हाव्याच्या दुकानात ओवाळतेय का मी?” मामांनी पाट उचलला, बुटक्या ओट्यावर ठेवला आणि त्यावर मांडी घालून बसले, हसू दाबत, साठीपुढचे. कपाळ बरोबर आक्कांच्या हाताशी आलं. आक्कांनी ओट्याला आधारासाठी लावलेल्या दांडीला कंबर टेकून भावाला ओवाळलं. मामा म्हणाले, निरांजनाचा धूर डोळ्यात गेला. मी म्हटलं, माझ्याही गेला.

त्यानंतर आक्का दर सणाला यायच्या, स्वतःच्या पायानं. मागल्या वर्षी त्या गेल्या. चौघांनी उचललं, ते एकदाच.

परवा वस्तीवर गेलो होतो. मामांची टेप आता खुंटीला असते आणि गुडघे त्यांचेच कुरकुरतात. दांडी धरून उतार चढले, दारात थांबले आणि निजवलेल्या उंबऱ्यापाशी त्यांनी चांगला वीतभर पाय उचलला.

“मामा, सपाट आहे,” मी म्हणालो.

“ठावं हाय मला,” ते म्हणाले, आणि पाय टाकून आत गेले.