चांगो मिस्त्रीचं सुटं कुसू

मुलगी बघायला निघण्याआधी चांगो मिस्त्रीला चौकट सांगून ठेवावी, म्हणजे नातवाच्या बारशापर्यंत मिळते, असं आमच्या डोळखांबकडे म्हणतात. माणूस सावकाश. त्याचं कारण त्याचं नख. सांधा बसवला की तो अंगठ्याचं नख फटीत घालून बघतो. गेलं, तर लाकूड सरळ चुलीकडे. "नख जातं तिथं वाळवी जाते," हे त्याचं एकमेव शास्त्र.

एवढा कारागीर, पण पाड्यावर बारमाही काम कुठलं? दरवर्षी भात झोडून झालं की तो आणि त्याची बायको लहानी मुरबाडला जातात. तिथे कारखान्यात फळ्यांना खिळे मारून खोकी बनवायची, होळीपर्यंत पत्र्याच्या खोलीत राहायचं. खोकी ठोकताना चांगो नख खिशात ठेवतो.

यंदा मात्र डोळखांबलाच मुलींचं वसतिगृह निघालं. दारं चाळीस! लहानीने मुरबाडचं बोचकं बांधलंच नाही. मग ठेकेदार अनंता आला.

"चांगोदादा, काम तुमचंच. फक्त सर्टिफिकेट पायजे. त्याच्याबिगर इंजिनिअर सायटीवर उभं करीत नाय."

"मागची तीस वरसं मी आडवा होतो काय?" चांगो म्हणाला.

फॉर्म भरायचं पाप माझ्या वाट्याला आलं. शहापूरला संगणकासमोर बसलो.

"प्रशिक्षण कुठं घेतलंस?"

"बापाकडं."

"संस्थेचं नाव लागतं रे."

"मंग बापाचं लिवा. जैतू."

लिहिलं. पडदा लाल झाला. वडिलांचे नाव व संस्थेचे नाव एकच असू शकत नाही.

"त्याला इचारा, माझ्या बापाशी त्याचं काय वाकडं हाय?"

तिसऱ्या लाल पडद्यानंतर मी 'जैतू सुतारकाम केंद्र' असं लिहिलं. जैतूबाबा आंब्याखाली बसून वाकस घेऊन लाकूड तासायचे, म्हणजे केंद्र होतंच. स्थापनेचं वर्ष विचारलं नाही, ही मेहेरबानी.

परीक्षा सापगावच्या एका हॉलात होती. परीक्षक अक्षय नावाचा गोड तरुण, हातात टॅब. काम सोपं होतं. एका लाकडाला खाच पाडायची, दुसऱ्याच्या टोकाला त्या खाचेत जाणारी जीभ, म्हणजे कुसू, काढायचं आणि जोडायचं. वेळ दोन तास. आमच्या सावकाश माणसाने तासाभरात सांधा ठोकला, नख घालून बघितलं. गेलं नाही. चांगो प्रसन्न.

"छान," अक्षय म्हणाला. "आता उघडा."

"काय?"

"कुसवाचा सुटा फोटो राहिला. तीन फोटो लागतात: खाच, कुसू, जोड. त्याशिवाय हे पुढं जात नाही."

"बसलेला सांधा उघडायचा नसतो, सायेब. लगीन लागल्यावर मंगळसूत्र काढून वजन करत्यात का?"

तरीही अक्षयने सांधा ओढून पाहिला. मग पाय लावून. मग पहारेकऱ्याला बोलावलं. दोघं दोन बाजूंनी लोंबकळले. सांधा तसाच. टॅब मात्र हटून बसला: कुसू दाखवा.

"काका, मला दिसतंय की तुम्ही उत्तम आहात," अक्षय रडकुंडीला आला होता. "पण याला दिसत नाही ना! दुसरा करा. सहज निघेल असा. पाऊण तास आहे."

"सहज निघंल असा? म्हंजे बिघडलेला?"

चांगोने हत्यारं गोणत्यात भरायला घेतली. दाराशी बसलेली लहानी तेव्हा उठली.

"ओ केंद्राचं मालक! मी यंदा मुरबाडला येणार नाय. तुमी एकलं जा आन् खोकी ठोका. नाय तर गप बिघडवा!"

चांगोने पटाशी पुन्हा बाहेर काढली. बिघडवायला त्याला उरलेला सगळा पाऊण तास लागला. हात सारखा नीट करू बघत होता. सांधा झाला तो असा, की उचलला की कुसू आपोआप खाली पडायचं. टॅबने तिन्ही फोटो आनंदाने गिळले. चांगो पास झाला. श्रेणी: उत्तम.

पंधरा दारं उभी राहिल्यावर इंजिनिअर आला. सर्टिफिकेटवरच्या क्यूआर कोडच्या चौकोनावर त्याने मोबाइल धरला. फोटो उघडला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मिस्त्री, या फटीत पेन्सिल जाईल. हे तुमचं काम?"

"नाय सायेब. ती परीक्षा. काम हे." चांगोने शेजारच्या चौकटीवर थाप मारली. "घाला नख."

इंजिनिअरने एक कोपरा पाहिला, दुसरा पाहिला. मग अंगठा चोळत त्याने अनंताला विचारलं, "उरलेली पंचवीस कधी?"

"ते नखाला इचारा," ढलप्या गोळा करता करता लहानी म्हणाली.