ढोलकीच्या कातड्याचं म्यान

तिसगावच्या पीटरभाऊंना आयुष्यात एकही गोष्ट शेवटाला नेता आली नाही. नोकरी तेवढी शेवटाला गेली, तीही कारखान्यानं वय बघून घरी पाठवलं म्हणून. श्रीगोंद्याकडच्या एका शुगर फॅक्टरीत ते टाइमकीपर होते. रिटायर होऊन तिसगावला आले आणि त्यांच्या हौसांना ऊत आला. आधी हार्मोनियम आणली. ती 'सा'वरून 'ग'पर्यंत पोचली आणि तिच्यात उंदरीण बाळंत झाली. मग मधमाश्यांची पेटी आणली. माश्यांनी जरा पाहुणचार घेतला आणि शेजारच्या राधाकृष्णाच्या जांभळीवर बिऱ्हाड हलवलं. मध राधाकृष्णानं खाल्ला, डंख पीटरभाऊंनी.

"आमच्या ह्यांचं समदं उत्पत्तीत सुरू हुतं आन निर्गमात पळून जातं," असं फिलोमिनाबाई बायबलातल्या पहिल्या दोन पुस्तकांची नावं घेऊन चारचौघींत सांगायच्या. बाई माहेरच्या कॅथलिक. लग्न करून प्रोटेस्टंटांत आल्या त्याला चाळीस वर्षं होत आली, पण नवरा नवीन पार्सल फोडायला बसला की अजून त्यांचा हात आपोआप कपाळाकडे जायचा आणि क्रूसाची खूण करून खाली यायचा.

पीटरभाऊंचं खरं दुखणं मात्र वेगळंच होतं. ते दरवर्षी कापणीच्या सणाला उफाळून यायचं.

कापणीच्या सणाला चर्चच्या मंडळीतला जो तो आपल्या कष्टाचं पहिलं फळ चर्चमध्ये आणून ठेवतो. कुणी बाजरीची कणसं आणतो, कुणी कोंबडा, कुणी लोणच्याची बरणी. उपासना सुटली की त्या सगळ्याचा लिलाव होतो. लिलावाला हिंदू शेजारीपाजारीही हौसेनं येतात, कारण तिथल्यासारखा कोंबडा बाजारात मिळत नाही. पीटरभाऊंच्या नावावर वावर नाही, तर कापणी कशाची करणार? ते बाजारातून केळी आणून टोपलीत रचायचे. हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. केळीवाल्या आसारामला तर जास्तच, कारण तोही लिलावाला यायचा. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, ओरडायचे, "पीटरभाऊंची केळी, बोला!" आणि सगळे एकाएकी छताकडे बघायला लागायचे. मग बायकांच्या बाजूनं एक हात वर जायचा, फिलोमिनाबाईंचा. आपलीच केळी आपल्याच बायकोनं विकत घ्यायची आणि आठवडाभर घरात शिकरण! बिचारी लाजेकाजेस्तव हात वर करते, असं पीटरभाऊंनी मनाशी धरलं होतं. ते शिकरण त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

म्हणून यंदा त्यांनी निर्धार केला. आपल्या हातानं एक वस्तू करायची आणि तिच्यावर परक्या माणसानं बोली लावायची. फार नको, एकानं लावली तरी पुरे. आणि मागे फिरायला वाट राहू नये म्हणून एका रविवारी उपासनेत साक्ष द्यायला उभे राहिले आणि सगळ्या मंडळीसमोर बोलून बसले, "यंदा केळी न्हाईत!" मागच्या बाकावरून कुणीतरी "आमेन" म्हणालं.

वस्तू कोणती, ते मोबाईलनं ठरवलं. त्यात एक दाढीवाला गोरा सुरीसाठी चामड्याचं म्यान करून दाखवत होता. कातडं भिजवा, सुरीभोवती बसवा, शिवा, वाळू द्या, झालं. एवढं सोपं काम जगात असेल हे पीटरभाऊंना माहीत नव्हतं. त्यांनी नगरच्या बहिणीला, स्टेलाला, फोन करून बातमी दिली. स्टेला म्हणाली, "आपल्या पणज्यानं चामड्याच्या मोटा शिवायचं सोडलं आन पुस्तक धरलं. तू पुस्तक सोडून परत दाभण धरलंस व्हय रं?"

"म्हंजे हातात उपजतच आसंल की!" पीटरभाऊ खूश झाले. पणजोबांनी स्वर्गात कपाळावर हात मारला असेल.

कातडं कुठून आणायचं? चर्चच्या मागच्या खोलीत भजनाची जुनी ढोलकी फुटून पडली होती. तिच्या एका बाजूचं पान, म्हणजे ताणलेलं कातडं, धड होतं. देवाचं कातडं देवालाच परत जाणार, म्हणून पीटरभाऊंनी पाळकसाहेबांना विचारण्याची तसदी घेतली नाही. इथंच घोटाळा झाला. त्या गोऱ्याकडचं चामडं कमावलेलं होतं, आणि ढोलकीचं कातडं असतं कच्चं. ते भिजलं की पोळीसारखं लोळतं आणि वाळलं की आवळत जातं, म्हणून तर ढोलकी वाजते. जन्मभर ढोलकीच्या तालावर टाळ्या वाजवलेल्या माणसाला हे सुचू नये, पण नाही सुचलं.

मापासाठी सुरी हवी होती. फिलोमिनाबाई बहिणीकडे कर्जतला गेल्या होत्या आणि त्यांची सुरी फळीवर होती. साधीसुधी नव्हे. जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून लोहारानं घडवलेली, बाभळीच्या मुठीची. लग्नात आईनं दिलेली. आई गेली, भावानं माहेरचं घर विकलं, आणि बाईंचं माहेर उरलं ते या सुरीपुरतं. मटण कापायला मंडळीतल्या बायका त्यांनाच बोलवायच्या ते या सुरीच्या जिवावर. सुरीला नवऱ्यानं हात लावायचा नाही, हा बायबलातल्या दहा आज्ञांनंतरचा घरातला अकरावा नियम होता. पीटरभाऊ म्हणाले, लावायचा कुठाय? फक्त माप घ्यायचंय.

न्हाणीतल्या बादलीत कातडं भिजलं. घराला असा वास सुटला की राधाकृष्णाचं कुत्रं दारात येऊन बसलं. पीटरभाऊंनी ओलं कातडं सुरीभोवती गच्च लपेटलं आणि दाभणानं शिवायला बसले. तीन टाके कातड्याला पडले की एक अंगठ्याला. ढोलकीची काळी शाई बरोबर म्यानाच्या पोटावर आली, ती त्यांना नक्षीच वाटली. मग सुरीसकट म्यान पत्र्यावर वाळत घातलं. ऑक्टोबरचं ऊन, संध्याकाळी खाली काढलं तर दगड! पीटरभाऊंनी मूठ धरून ओढली. पायात धरून ओढली. दाराच्या फटीत अडकवून ओढली तर दार निघालं. पुन्हा भिजवावं, ही अक्कल सुचली नाही. पाण्यानंच घात केला, आता पाणी दाखवायचंच नाही, असा त्यांचा हिशेब होता. मंडळीसमोर शब्द तर देऊन बसले होते, तेव्हा म्यान जाणार ते सुरीसकटच.

सणाच्या आदल्या दिवशी फिलोमिनाबाई परत आल्या. "माझी सुरी कुटंय?"

"धार लावाया दिलीय."

बाईंनी नवऱ्याच्या अंगठ्याच्या चिंध्यांकडे बघितलं आणि सणाच्या जेवणाचं, प्रीतिभोजनाचं, मटण उसन्या सुरीनं कापायला गेल्या.

सणाला चर्च भरलं होतं. कोंबडे गेले, लोणची गेली. मग पाळकसाहेबांनी रुमालातली वस्तू उचलली. "पीटरभाऊंनी स्वहस्ते बनवलेलं म्यान, सुरीसह!" टाळ्या पडल्या. दाखवायला म्हणून पाळकसाहेबांनी मूठ ओढली. मग जरा जोरात ओढली. मग झगा सावरून ओढली. तरुण संघातला रॉबिन, ज्याचे दंड बाहीत मावत नव्हते, पुढे झाला आणि लालेलाल होऊन परत गेला. राधाकृष्ण उठला. बैल आवरणारा गडी, पण त्याचंही काही चालेना.

"अवो, आत सुरी हाय का नुसतीच मूठ?" तो घाम पुसत म्हणाला. चर्च हसून हसून आडवं झालं. पण राधाकृष्ण इरेला पेटला होता. "मला पायजे ही. घरी जाऊन काडतोच!" त्यानं बोली लावली. केळीवाला आसाराम म्हणाला, तुला जमायचं न्हाई, आणि त्यानं वर बोली चढवली. रॉबिननं मित्रांना जमवून तिसरी लावली. परक्या माणसांचे हात वर जात होते! पीटरभाऊ छाती काढून उभे होते. लोक वस्तूला हसताहेत की आपल्याला, याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. त्यांनी मोठ्या ऐटीत बायकांच्या बाजूला बघितलं.

फिलोमिनाबाईंनी मूठ ओळखली होती. डोळे तिच्यावरून हलत नव्हते. आणि दरवर्षी वर जाणारा हात त्यांनी दुसऱ्या हातानं पदराखाली दाबून धरला होता. नवऱ्याला काय हवं होतं ते त्यांना ठाऊक होतं. ते आज त्याला मिळत होतं, आणि त्यांचं माहेर राधाकृष्णाच्या घरी चाललं होतं.

पीटरभाऊंना तो दाबलेला हात दिसला. पाळकसाहेब "एक वार, दोन वार" म्हणायला लागले आणि पीटरभाऊंनी हात वर केला.

"पीटरभाऊ, तुमचीच वस्तू हाय," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"म्हाईत हाय. बोली धरा."

"सवताच्याच मालावर?" राधाकृष्णाला आनंदाचं भरतं आलं. त्यानं मुद्दाम चढवली. पीटरभाऊंनी आणखी चढवली. मंडळी बाक बडवायला लागली, आसारामनं शिट्टी मारली. कारखान्यात हजारो माणसांवर डोळे वटारलेला माणूस कानापर्यंत तांबडा झाला, पण हात खाली घेईना. शेवटी राधाकृष्णालाच दया आली. "घ्या बाबा, तुमी बनवली, तुमीच काडत बसा."

घरी जाताना फिलोमिनाबाई स्कूटरवर मागे बसल्या होत्या, म्यान मांडीवर धरून.

"बादलीत टाकू रातभर, सुटंल," बाई म्हणाल्या.

"आन म्यान?"

"म्यान जाईल. सुरी ऱ्हाईल."

पीटरभाऊंनी मान डोलावली. मग वाऱ्यावर जरा मोठ्यानं म्हणाले, "लई लाज वाटली गं. आख्ख्या मंडळीम्होरं आपल्याच मालावर हात वर करायचा म्हंजे... तू कसं केलंस इतकी वर्सं? दरसाल लाज वाटत आसंल तुला."

बाईंनी पुढे सरकून त्यांच्या खांद्याला धरलं.

"मला न्हाई वाटली," त्या म्हणाल्या. "एकदाबी न्हाई."