पाठकोरा फोटो

माझ्या थोरल्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तो आरशासमोर दाढी करत होता. वहिनी सांगतात, एका गालावर साबण तसाच होता आणि तो त्यांना काहीतरी सांगायची धडपड करत होता. दवाखान्यात वेळेवर नेलं म्हणून जीव वाचला. दोन महिन्यांत उजवा पाय ओढत का होईना, घरात फिरू लागला. उजवा हातही थोडाफार हलू लागला. बोलणं मात्र गेलं. त्याला समजत सगळं होतं. समोरचा काय म्हणतोय, बातम्यांत काय चाललंय, भाजीत मीठ कमी आहे, सगळं. शब्द तेवढे सापडत नव्हते. पाणी हवं असलं की “ते... ते...” एवढंच तोंडातून यायचं आणि मग तो डोळे मिटून घ्यायचा.

मी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. फूलबागेजवळ राहते, शाळेत भूगोल शिकवून आता निवृत्त झाले आहे. दादाचं घर नया बाजारात, माझ्याकडून चालत वीस मिनिटांवर. तरी इतकी वर्षं आमचं जाणं-येणं भाऊबीज आणि गणपती यांच्यापुरतंच होतं. भांडण असं कधी झालं नाही. तरुणपणी एक गोष्ट घडली होती, ती मी धरून ठेवली होती, एवढंच.

तो आजारी पडल्यावर मी रोज चार वाजता जाऊ लागले. बोलणं शिकवायला एक मॅडम यायच्या. त्यांच्याकडे चित्रांची कार्डं होती. सफरचंद, छत्री, गाय. दादानं चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून धरणांचे नकाशे काढलेले. त्या गुलाबी गायीकडे तो अशा नजरेनं बघायचा की मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. एके दिवशी मी दारात पोचते तोच भाची म्हणाली, “आत्या, देख ना, बाबांनी परत सगळे कार्ड फेकून दिले. मॅडम आता येणारच नाहीत बहुतेक.”

मॅडम तिथंच होत्या, जमिनीवरून गाय आणि छत्री गोळा करत. त्या रागावल्या नव्हत्या. मला म्हणाल्या, “दीदी, इन्हें जो पसंद हो वो दिखाइए. घर के फोटो-वोटो कुछ होंगे ना?”

फोटो! घरात फोटोंचे सतरा खोके होते. दादानं पहिल्या काही पगारांतून कॅमेरा घेतला, तेव्हापासून दर रविवारी तो गळ्यात अडकवून लष्कर या आमच्या शहराच्या जुन्या भागात हिंडायचा. ब्लॅक अँड व्हाइट रोल घरीच न्हाणीघरात धुवायचा, खिडकीला घोंगडी लावून. त्या वेळात कुणाला अंघोळ करायची असली तरी थांबावं लागायचं. पुढे सगळ्यांकडे मोबाइल आले, बाजारात रोल मिळेनासे झाले, आणि त्यानं कॅमेरा कपाटात ठेवून दिला. त्याबद्दल तो कधी काही बोलला नव्हता. खोके मात्र दर दसऱ्याला स्वतः उतरवून पुसायचा.

दुसऱ्या दिवशी मी पहिला खोका त्याच्या पलंगावर उघडला. वरचाच फोटो हातात घेतला. दाट धुकं, एक टांगा, कांबळं पांघरलेला टांगेवाला.

“हा महाराज बाड्याच्या चौकातला ना?” मी सहज विचारलं.

“नाही.”

स्वच्छ, स्पष्ट शब्द. वहिनी हातात लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“मग कुठला? फूलबागेतला?”

“नाही! खा... खास...”

“खासगी बाजार?”

त्यानं मान डोलावली आणि जोरात श्वास सोडला. मग फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीनं बारीक, नकाशावर असतं तसं सुबक अक्षर होतं. लेन्स किती उघडी ठेवली, शटर किती वेगानं मारलं, सकाळचे किती वाजले होते. त्यानं तो परत सुलटा केला आणि डाव्या हाताचा अंगठा उजव्या कडेवर ठेवला. तिथं एका हातगाडीचं अर्धं चाक फोटोत घुसलेलं होतं. अंगठ्याखाली चाक झाकलं, माझ्याकडे बघितलं, अंगठा उचलला, परत झाकला.

“हे चाक नको होतं म्हणतोस?”

“हं.”

त्याला बोलायचं होतं, फक्त गायीविषयी नव्हतं बोलायचं. हा फोटो कुठं चुकला, एवढं त्याला मला सांगायचं होतं.

मग हा आमचा उद्योगच झाला. रोज चार वाजता एक खोका. मी मुद्दाम उलटसुलट बोलायचे. चांगल्या फोटोला वाईट म्हणायचे, मेळ्यातला फोटो असला की आपल्या गल्लीतला म्हणायचे. दादाला राग यायचा आणि रागाच्या भरात शब्द निसटून बाहेर पडायचे. एका मिठाईवाल्याच्या कढईतून उठणारी वाफ त्यानं फार सुंदर टिपली होती. मी म्हटलं, “अगदी मस्त आलाय.” तो बराच वेळ ओठ हलवत राहिला आणि म्हणाला, “उजेड. कमी.” मला तर त्यात काही कमी दिसत नव्हतं. पण त्यानं दोन शब्द एकापुढे एक ठेवले होते. मॅडमना फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बस, यही करते रहिए.”

नवव्या खोक्यात तो फोटो निघाला.

आमच्या जुन्या घराची गच्ची. उन्हात एक ट्रंक उघडी ठेवली आहे. तिच्याशेजारी एक मुलगी गुडघ्यांना मिठी मारून बसली आहे, कॅमेऱ्याकडे पाठ, तोंड टेकडीवरच्या किल्ल्याकडे. वेणी सुटलेली. ती मी. वय बावीस.

मला ती दुपार ताबडतोब आठवली. पुण्याला एम. एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. मावशी मला ठेवून घ्यायला तयार होती. बाबा तयार नव्हते. दादा तेव्हा नोकरीला लागलेला, बाबा फक्त त्याचंच ऐकत. तो मला म्हणाला होता, “काळजी करू नकोस, रात्री जेवताना मी बोलतो.” म्हणून मी ट्रंक माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती. जेवताना बाबा म्हणाले, “पुण्याबिण्याला काही जायचं नाही. इथं काय कॉलेजं नाहीत?” मी दादाकडे बघितलं. त्यानं आमटीत भात कालवला आणि जेवत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ट्रंक गच्चीवर नेली, वास जाईना म्हणून. आता ती पुन्हा माळ्यावरच जाणार होती, तरी नेली. माझ्यामागे कुणी उभं आहे हे मला कळलंही नव्हतं.

मी फोटो उलटा केला. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. आतापर्यंत पाहिलेल्या शेकडो फोटोंत हा एकच पाठकोरा.

वहिनी देवळात गेल्या होत्या, भाची कॉलेजात. घरात आम्ही दोघंच. मी विचारलं, “तू तेव्हा का नाही बोललास रे?”

बोलून गेले आणि लक्षात आलं, कुणाला काय विचारते आहे मी. पण शब्द मागे घेता येत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला घ्यायचाही नव्हता. चाळीस वर्षं तोच एक प्रश्न होता.

दादाचा चेहरा लाल झाला. ओठ हलले, आवाज आला नाही. डाव्या हातानं त्यानं चादर मुठीत धरली. मी थांबले. शेवटी म्हणाला, “भ्या... भ्यालो.”

“बाबांना?”

मान होकारार्थी हलली. मग फोटोवर बोट ठेवून, एकेक शब्द ओढून काढत म्हणाला, “बोललो नाही. काढला.”

एखाद्या गोष्टीत असतं तर मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले असते. तसं झालं नाही. मला भयंकर राग आला. मी तिथं एकटी बसून रडत होते आणि हा मागे उभा राहून उजेड मोजत होता! दोन पावलं पुढे येऊन नुसता शेजारी बसला असता तरी चाललं असतं. मी फोटो खोक्यात टाकला, चपला घातल्या आणि घरी आले. वाटेत वहिनी भेटल्या, “चहा घेऊन जा” म्हणाल्या, मी नाही म्हटलं.

नऊ दिवस मी गेले नाही. यजमानांना गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. त्यांनी तेल गरम करून दिलं, ते मी मुकाट्यानं लावलं.

दहाव्या दिवशी वहिनींचा फोन आला. “वन्सं, तुमच्यात काय झालं मला माहीत नाही, मी विचारणार पण नाही. पण हे रोज चार वाजले की दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसतात. अंधार पडेपर्यंत. कालपासून जेवणाची पण टाळाटाळ करून राहिलेत.”

मी गेले. तो दारातच होता. मी समोर स्टुलावर बसले आणि वाटेत ठरवलं होतं ते सांगून टाकलं. “दादा, मला राग आला होता. अजून आहे. तुझ्या आजारपणामुळे मी तो गेला असं खोटं म्हणणार नाही.”

तो माझ्याकडे बघत राहिला. आजारी माणसाची अशी नजर चुकवावीशी वाटते, पण मी चुकवली नाही. तो म्हणाला, “असू दे.” थोड्या वेळानं परत, “राग. असू दे.”

त्या दोन शब्दांनी मला जरा मोकळं वाटलं. माफी मागितली असती तर मला माफ करावं लागलं असतं, आणि तेवढी माझी तयारी नव्हती. त्यानं राग ठेवायची परवानगी दिली आणि चमत्कारिक गोष्ट अशी, की त्या संध्याकाळी मी वहिनींच्या हातचे दोन पराठे जास्त खाल्ले.

त्यानंतर आठवड्याभरानं त्यानं भाचीला कपाट उघडायला लावलं आणि कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवायला लावला.

“मी? मला काय येतंय यातलं?”

“शीक,” दादा म्हणाला.

भाचीनं ऑनलाइन रोल मागवला. “आत्या, आजकल हे खूप ट्रेंडमध्ये आहे, माझ्या कॉलेजात दोघं-तिघं रोलवालेच फोटो काढतात,” असंही ऐकवलं. रोल भरायला दादानं डाव्या हातानं आणि “अडकव”, “फिरव”, “नाही, नाही, नाही” एवढ्या भांडवलावर शिकवलं. अर्धा तास लागला. छत्तीस फोटो मी महिनाभर पुरवले. मोबाइलवर दिवसाला पन्नास काढणारी मी, आता एकेका फोटोसाठी दहा मिनिटं उभी राहायचे. खासगी बाजारात एका बांगडीवाल्यानं विचारलंसुद्धा, “मैडम, कुछ खो गया है क्या?”

रोल धुवायला दिल्लीला पाठवावा लागला. पंधरा दिवसांनी फोटो आधी भाचीच्या मोबाइलवर आले. तिनं स्क्रीन दादापुढे धरली तर त्यानं हातानं बाजूला सारली. कागदावर हवेत. प्रिंट आल्यावर त्यानं पलंगावर दोन गठ्ठे करायला घेतले. डावीकडचा वाढत गेला, वाढतच गेला. किल्ला डावीकडे. कारंजं डावीकडे. ज्याच्यावर माझी सगळी भिस्त होती तो फूलबागेतला म्हातारा, तोही डावीकडे.

“यात काय वाईट आहे?”

“डोकं,” दादा म्हणाला. बघितलं तर म्हाताऱ्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला.

उजवीकडे शेवटी एकच फोटो राहिला. वहिनी गच्चीवर रजईला खोळ घालताहेत, अर्ध्या खोळीच्या आत, फक्त पाय आणि एक कोपर दिसतंय, आणि उन्हामुळे आतलं शरीर सावलीसारखं. मी तो गंमत म्हणून काढला होता. दादानं तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि म्हणाला, “हा चांगला.”

साठी उलटलेली बाई मी, पण मला पहिला नंबर आल्यासारखं झालं. वहिनी मात्र खवळल्या. “माझं तोंड पण दिसत नाही त्यात, चांगला कसला?”

आता दादाजवळ शंभरेक शब्द असावेत. मॅडम म्हणतात, यापुढे वेग कमी होईल, आणि काही शब्द कधीच परत येणार नाहीत. माझं नाव अजून त्याला घेता येत नाही, तो मला “ए” म्हणतो. तो पाठकोरा फोटो त्यानं मला देऊन टाकला. मी तो फ्रेमबिम केला नाही. शाळेच्या जुन्या नकाशांच्या गुंडाळीजवळ, कपाटात ठेवला आहे. कधी बघते, कधी महिना महिना बघत नाही. एकदा यजमानांनी विचारलं, ही कोण. मी म्हटलं, मीच, आणि मग त्यांना ती सगळी हकीकत लग्नानंतर पहिल्यांदा सांगितली. ते चष्मा लावून फोटो पुन्हा बघत म्हणाले, “फोटो चांगला आहे पण.” मलाही तसंच वाटतं. तो चांगला आहे आणि मला अजून राग आहे, दोन्ही.

परवा चौथा रोल कॅमेऱ्यात होता. धुक्यातल्या एका फोटोवरून आमची जुंपली होती. मी म्हणत होते धुकं आलंय, तो म्हणत होता “हललाय, हललाय.” आवाज इतका चढला की वहिनी आल्या, मला वाटलं ओरडणार. त्यांनी पलंगावरचा कॅमेरा उचलला, कुणी शिकवलं नसताना डोळ्याला लावला आणि खटका दाबला.

“वहिनी, उजेड तरी बघायचा!” मी म्हटलं.

“भांडा तुम्ही,” त्या म्हणाल्या आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेल्या.

रोलमध्ये अजून तीन फोटो शिल्लक आहेत. दादा म्हणतो, सावकाश.