दक्षिणेच्या भिंतीवरच्या रेघा

आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा जी स्मरणिका निघाली, तिच्यातला देवळाचा इतिहास मी लिहिला. त्यात एक वाक्य आहे : ‘दक्षिणेच्या भिंतीवरील ओरखड्यांना गुरव घड्याळ म्हणत, परंतु तपासणीअंती ते निरर्थक आढळले.’ तपासणी मीच केली होती, आणि ती चुकीची होती.

गाव चाकणच्या अलीकडे. मी पिंपरीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. दिवसभर जॉब, म्हणजे तयार झालेले सुटे भाग, मोजायचे. मापात बसला नाही की लाल ठिपका, म्हणजे बाद. राहायला संत तुकाराम नगरात, तरी गावच्या समितीवर होतो. देवळाच्या भिंतींना बाहेरून टाइल्स लावायचं ठरलं, तेव्हा म्हाताऱ्या गुरवबाबांनी एवढंच मागितलं, की दक्षिणेची भिंत तेवढी उघडी ठेवा.

त्या भिंतीच्या दगडात छातीच्या उंचीवर बोटभर भोक होतं. त्याच्या खाली छिन्नीनं ओढलेल्या रेघा पंख्यासारख्या पसरलेल्या. भोकात काडी खोचली की तिची सावली रेघांवरून सरकते, असं बाबा सांगत. त्यांचे आजे-पणजे त्यावर नैवेद्याची वेळ धरत. रब्बीच्या दिवसांत विहिरीवरच्या पाण्याच्या पाळ्याही त्यावरच बदलत.

मी एका रविवारी कोनमापक आणि वही घेऊन गेलो. दिवस वैशाखाचे. सगळे कोन मोजून लिहून घेतले. मग भर दुपारी काडी खोचली, तर भिंतीवर ऊनच नाही. समितीतले दोघे हसायला लागले.

“बाबा, घड्याळ बंद पडलंय तुमचं. सेल बदला!”

“आत्ता न्हाई चालायचं त्ये,” बाबा म्हणाले. “मार्गशीर्षात या. ऊन तिरपं झालं की भिंतीवर येतं.”

“तवर ठेकेदार बसतोय व्हय, राव?”

बाबा माझ्याकडे वळले. “सायेब, तुमी मापातलं मानूस. तुमी तरी सांगा यांना.”

मी वहीत बघितलं. “बाबा, रेघा सारख्या अंतरावर नाहीत. घड्याळाच्या असत्या तर सारख्या असत्या.”

“सावली काय तुमच्या कंपनीच्या शिफ्टनं चालती व्हय?” म्हणाले आणि गाभाऱ्यात निघून गेले.

आठ दिवसांत टाइल्स लागल्या. पुढं गावात कुणी थाप मारली की लोक म्हणायचे, ‘गुरवाचं घड्याळ!’ बाबांच्या तोंडावरही म्हणायचे. ते खोटं बोलले याला माझं छापील वाक्य साक्षीला होतं. ते वारले तोवर हे चाललं. त्यांच्या मुलानं देवळाची सेवा सोडली आणि दापोडीला बिऱ्हाड केलं.

निवृत्त झाल्यावर मी निगडीला आलो. गॅलरीच्या दक्षिणेकडच्या भिंतीत कपड्यांच्या दोरीची एक खुंटी आहे. मार्गशीर्षातल्या एका सकाळी तिची सावली दिसली आणि बाबांचं बोलणं आठवलं. दिवसभर तासातासाला पेन्सिलीनं खूण करत गेलो. संध्याकाळी मोजलं. दोन खुणांमधले दुपारकडचे कोन मोठे, कडेचे लहान. फरक दोन-तीन अंशांचाच. जुनी वही काढली. देवळातल्या रेघांचा चढउतार अगदी तसाच होता. ज्या फरकावर मी लाल ठिपका ठेवला, तो सूर्याचाच होता.

तरी दोन वर्षं मी गप्प बसलो. यंदा वही घेऊन दापोडीला गेलो. बाबांच्या मुलानं ती चाळली, चहा दिला आणि म्हणाला, “काका, मला कशाला दाखवता? मला म्हाईतच हाय. माझा बा खोटारडा न्हवता. तुमी छापून सांगितलं होतं ना? मग छापूनच सांगा.”

म्हणून हे छापायला देतोय. ज्यांच्या घरी ती स्मरणिका असेल, त्यांनी माझं वाक्य खोडावं आणि तिथं लिहावं : दक्षिणेच्या भिंतीवर सावलीचं घड्याळ होतं. गुरवांनी ते राखलं होतं. तपासणाऱ्यानं ते चुकीच्या महिन्यात तपासलं, आणि तो मार्गशीर्षापर्यंत थांबला नाही.