दोन नावांची वेल्डर

३ फेब्रुवारी २०२३ रोजी वसुधाच्या हातात जानेवारीचा पगार म्हणून १३,८६० रुपये आले. भोपाळच्या इंद्रपुरीतल्या एका वर्कशॉपमध्ये ती खिडक्यांच्या ग्रिल आणि गेटं वेल्ड करत असे. पैसे तिने देवापुढे ठेवले, चहाचं आधण चढवलं आणि सासूला सांगितलं, "आई, मी बाडमेरला कामाला जाणार आहे."

ही सासू म्हणजे माझी थोरली बहीण शशिकला. मी करोंदच्या मंडीत एका धान्याच्या पेढीचे हिशेब पाहतो आणि आठवड्यातून एकदा ताईकडे जातो. त्या संध्याकाळी तिथेच बसलो होतो.

"बाडमेर? वाळवंटात?" ताई म्हणाली. "तिथे कुणाला गेटं लावायचीत, उंटांना?"

"तिथे तेल निघालंय आई. मोठी रिफायनरी बांधतायत. आमच्या वर्कशॉपमधली उषा गेलीय ना, ग्राइंडरवर. ती सांगते, पाइप वेल्डरला महिना अठ्ठेचाळीस हजार आहेत. ओव्हरटाइम वेगळा. बायकांना राहायला हॉस्टेल आहे."

"आणि हे घर?"

"मी बघीन," माझा भाचा समीर म्हणाला. तो एका शाळेची बस चालवतो, दुपारभर मोकळा असतो. "पोळ्या येतात मला."

"तुझ्या पोळ्या अवधपुरीच्या घरावर घाल. स्लॅबचा खर्च वाचेल."

सगळे हसले, वसुधा मात्र हसली नाही. त्या स्लॅबसाठीच तर तिला जायचं होतं. अवधपुरीत दोघांनी छोटा प्लॉट घेतला होता. चार भिंती उभ्या राहिल्या आणि पैसे संपले. त्यालाही चार वर्षं झाली होती. इंद्रपुरीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत ताई, हे दोघं आणि नेहा, आशय ही दोन मुलं राहत होती. अवधपुरीतल्या भिंतींच्या आत शेजाऱ्यांची शेळी राहत होती.

वसुधा काही ग्रिलवाली नव्हती. लग्नाआधी आय.टी.आय. करून ती दोन वर्षं बॉयलरच्या नळ्या वेल्ड करत होती आणि त्या कामाचं पक्कं कार्ड तिच्याकडे होतं. पुढे मुलं झाली, तो कारखाना गोविंदपुऱ्यातून हलला आणि जवळचं काम म्हणून तिने ग्रिल धरली. ग्रिलच्या जोडाला कुणी विचारत नाही. रंग मारला की झालं. पाइपच्या जोडाचा एक्स-रे काढतात. आत सुईएवढं छिद्र दिसलं तरी जोड कापून टाकतात. म्हणूनच त्याला दाम आहे.

तिने मालकाला सांगून कामाची वेळ संपल्यावर सराव सुरू केला. भंगारातून पाइपचे तुकडे आणले, आर्गन गॅसचं सिलिंडर स्वतःच्या पैशांनी भरून घेतलं. बाडमेरची परीक्षा अशी असते, की पाइप तिरपा बांधून ठेवतात आणि तो फिरवायचा नाही. वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचं, वाकायचं, खाली आडवं व्हायचं, पण हात एकसारखा चालला पाहिजे. सोळा वर्षांनी तो हात परत यायला महिना लागला. ती घरी यायची तेव्हा डोळे लाल असायचे. ताई काकडीच्या चकत्या पुढे करायची. जा असं काही तिने कधी म्हटलं नाही.

मार्चच्या मध्याला वसुधा, सुट्टीवर आलेल्या उषाच्या सोबतीने बाडमेरला गेली. गुरुवारी तिची परीक्षा झाली. शनिवारी समीरचा मला फोन आला, "मामा, पास झाली! एक्स-रे एकदम साफ!" ताईने त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी केली आणि ती आनंदाने केली की उपास होता म्हणून, हे काही बोलली नाही.

सोमवारी वसुधाचा फोन आला तेव्हा मी ताईकडेच होतो. स्पीकरवर होता. 

"आई, गेटपास देत नाहीत. नावाचा घोटाळा झालाय."

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात सुनेचं नवं नाव लिहितो. पुष्कळ घरांत ते नाव त्या ताटातच राहतं. कागदोपत्री माहेरचंच चालू राहतं. ताईने तसं होऊ दिलं नव्हतं. बदलायचं तर पुरतं बदलायचं, असा तिचा बाणा. रेशन कार्ड, बँक, मतदार यादी, पुढे आधार, सगळीकडे तिने पाठपुरावा करून 'वसुधा समीर आंबेकर' लिहवून घेतलं. पण आय.टी.आय.चं प्रमाणपत्र आणि बॉयलरचं कार्ड लग्नाआधीचं. त्यांवर 'अबोली दिनकर धारकर' होतं. वसुधाने परीक्षेला तीच दाखवली आणि परीक्षा त्याच नावावर झाली. गेटपास मात्र आधारवर निघतो.

"तो क्लार्क म्हणतो, टेस्ट अबोली ने दी, अंदर वसुधा जाएगी?" ती सांगत होती. "त्याचंही खरं आहे, मामा. इथे लोक परीक्षा विकतात. चांगला वेल्डर परीक्षा देतो आणि आत जातो भलताच. मागच्या महिन्यात असे चौघे धरले."

"प्रतिज्ञापत्र करून दे," मी म्हणालो.

"केलंय. पण दोन्ही नावांनी ओळखणारं घरचं माणूस समोर आणा म्हणतात, ओळखपत्रासकट. शनिवारी ही भरती बंद होते. नंतरची पावसाळ्यानंतर."

वसुधाचे आईवडील गेलेले आणि भावंड नाही. समीरच्या बसच्या शाळेत परीक्षा चालू होत्या. सुट्टी घेतली असती तर नोकरी गेली असती. फोनमधून मागच्या ट्रकचे भोंगे ऐकू येत होते.

"म्हणजे ते म्हणतात, वसुधा हे नाव खोटं आहे?" ताईने विचारलं.

"तसंच म्हणा."

"माझ्या सुनेचं नाव खोटं?" ताई उठली. गुडघे धरून उठली, पण उठली. "बाळू," ती मला म्हणाली, "दोन तिकिटं काढ."

सुनेने बाडमेरला जाऊ नये असं वाटणारी माझी बहीण अशी बाडमेरला निघाली. वय अडुसष्ट. पिशवीत दशम्या, गुडघ्याचं तेल आणि लग्नाचा अल्बम. जोधपूरला गाडी बदलून आम्ही बुधवारी संध्याकाळी पोचलो. स्टेशनबाहेर हेल्मेट घातलेल्या माणसांचे जथे, प्लॉट विकणाऱ्यांच्या पाट्या, आणि बिनखिडकीच्या खोलीला तीन हजार मागणारा लॉजवाला. "तीन हजारात मी भोपाळला महिनाभर भाजी आणते," ताईने त्याला सुनावलं. आम्ही धर्मशाळेत राहिलो.

गुरुवारी सकाळी ठेकेदाराच्या ऑफिसात गेलो. पत्र्याची खोली, एक कूलर, टेबलामागे पंचविशीतला क्लार्क. वसुधा बाहेर उभी होती. सासूला पाहून ती वाकली. ताई म्हणाली, "नमस्कार नंतर. आधी तो क्लार्क कोण आहे ते मला दाखव."

"बेटा," ताईने आत जाऊन सुरुवात केली, "नाम झूठा नहीं है. नाम मैंने रखा है."

"माताजी, सब यही बोलते हैं."

"सब कौन? सबकी सास आई है क्या भोपाल से?"

रांगेतली माणसं हसली. क्लार्कही हसला, पण त्याने मान हलवली. ताईने अल्बम उघडून त्याच्यापुढे ठेवला. फोटोत ताट होतं, तांदूळ होते, त्यांत 'वसुधा' लिहिलेलं होतं, आणि शेजारी मुंडावळ्या बांधलेली बावीस वर्षांची पोर. क्लार्कने फोटो पाहिला, आधार पाहिलं, बाहेर उभ्या बाईकडे पाहिलं. ताईचा जबाब लिहून घेतला, माझी सही साक्षीदार म्हणून घेतली. मग म्हणाला, "बहू यही है, मान लिया. लेकिन टेस्ट इसी ने दिया था, ये कौन बताएगा?"

ताईने अल्बम मिटला.

"मी परत देते," वसुधा दारातून म्हणाली. "आत्ता देते. समोर उभे राहा."

क्लार्कने क्वालिटीच्या साहेबाला बोलावलं. मितभाषी माणूस होता. नापास झाली तर आधीची परीक्षाही रद्द, एवढंच त्याने सांगितलं. वसुधाने मान हलवली. मला राहवलं नाही. मी हळूच म्हणालो, "सुनबाई, तीन दिवस झोप नाही तुला. एक दिवस थांब."

"मामा, थांबले तर हात थरथरेल."

परीक्षेची शेड गेटबाहेर होती. आम्हालाही हेल्मेटं दिली. ताईच्या अंबाड्यावर ते बसेना, तिने ते पदरासकट दाबून घेतलं. साहेबाने तिला पाहायला एक काळी काच दिली. त्याने स्वतः पाइपवर खूण केली, वेळ लिहिली आणि हात मागे बांधून उभा राहिला.

लग्नाला सोळा वर्षं झाली, पण ताईने सुनेचं काम कधी पाहिलं नव्हतं. वसुधा गुडघ्यावर बसली, मग कुशीवर झाली, मग पाठीवर आडवी होऊन खालून जोड घेऊ लागली. हात मात्र कुठे थांबला नाही. काचेतून एक हिरवट ठिपका सावकाश पुढे सरकताना दिसत होता. मागे एकावर एक बसलेली वळी राहत होती.

"बाळू," ताई पुटपुटली, "ही तर लोखंडाची वेणी घालतेय."

मग काच डोळ्यांवरून न काढता म्हणाली, "आणि मी हिला ग्रिलवाली म्हणायची."

जोड पूर्ण झाल्यावर साहेबाने त्यावर टॉर्च फिरवली. आत पाहिलं. एक्स-रे शुक्रवारी येणार होता.

त्या रात्री धर्मशाळेत ताईने सुनेला स्वतःच्या अंथरुणावर झोपवलं आणि पाठीला गुडघ्याचं तेल चोळलं. "वास येतो आई त्याचा," वसुधा म्हणाली. "येऊ दे. वेल्डिंगच्या मशीनला थोडाच कळतो," ताई म्हणाली.

शुक्रवारी दुपारी साहेब फिल्म घेऊन स्वतः आला. ती खिडकीच्या उजेडात धरून त्याने क्लार्कला दाखवली. "पहले वाले से अच्छा है," तो म्हणाला. "पास बना दो."

रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली, मग पुष्कळांनी वाजवली. उषाने शिट्टी मारली. क्लार्कने कार्डावर नाव लिहायला घेतलं तेव्हा ताईने टेबलावर बोट ठेवलं.

"वसुधा उर्फ अबोली लिखना."

"माताजी, वसुधा काफी है. आधार में वही है."

"परीक्षा अबोली भी पास हुई है. लिखो."

त्याने लिहिलं. वसुधाने कार्ड घेतलं, वाचलं, आणि इतक्या दिवसांत प्रथमच रडली. ताईने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "चल, कामाला लाग. मला गाडी आहे."

एप्रिलचा पगार ओव्हरटाइम धरून ५६,२४० रुपये आला. वसुधाने स्लिपचा फोटो पाठवला आणि ताईने तो शेजारणींना, वाण्याला, भाजीवाल्या पिंटूला, सगळ्यांना दाखवला. दिवाळीपर्यंत वसुधाला वरची श्रेणी मिळाली आणि नव्या पोरींना शिकवायचं काम तिच्याकडे आलं. त्यांच्यात भोपाळच्या दोघी होत्या. समीरच्या पोळ्या गोल झाल्या. नेहा म्हणते, बाबांच्या पोळ्या आजीपेक्षा मऊ असतात. ताई ते ऐकून घेते.

११ फेब्रुवारी २०२४ला अवधपुरीच्या घरावर स्लॅब टाकला. वसुधा चार दिवसांच्या सुट्टीवर आली होती. मिक्सर सुरू व्हायच्या आधी तिने वर चढून सळयांचे सगळे जोड तपासले. सेंट्रिंगवाला खालून ओरडला, "अरे बहनजी, हम भी बीस साल से यही करते हैं!" ताईने खालूनच उत्तर दिलं, "करते होगे. देखने दो उसको." शेळीवाल्यांनी पेढे नेले. संध्याकाळी ओल्या स्लॅबखाली टेकूंच्या गर्दीत सतरंजी अंथरून आम्ही सगळे जेवलो.

सेंट्रिंगवाल्याचे साडेसहाशे रुपये अजून द्यायचे आहेत.