पंधरा लिटर पाणी

मी दोन मुलांना काटा तपासायला शिकवलं आणि तो काटा त्यांच्या आजोबांचा आहे हे विसरलो. इतका मोठा मूर्खपणा मी नंतर केला नाही. लहानसहान केले.

आजोबांना सगळे नाना म्हणत. जळगावात त्यांची डाळमिल. हेडमास्तरांशी भांडण झालं आणि त्यांनी नातवंडांना शाळेतून काढून घरी बसवलं. पुष्पा सातवीतली, दिलीप सहावीतला. "आता शाळाच आमच्या घरी येईल," असं नाना चारचौघांत म्हणाले. शाळा आली. ती म्हणजे मी. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला, मजुराचा मुलगा, आमच्या वस्तीतला पहिला डी.एड. मुलं खुर्चीवर बसत, मी दुमडलेल्या बारदानावर. पहिल्या दिवशी वाटलं, कुणीतरी खुर्ची आणायला गेलंय. आठ महिने वाट पाहिली.

नानांनीच सांगितलं होतं, नुसतं पुस्तक घोकवू नका, व्यवहार शिकवा, डोकं चालवायला शिकवा. म्हणून मी मनिऑर्डरचा फॉर्म भरायला शिकवलं, एसटीचं वेळापत्रक वाचायला, जखम धुवून पट्टी बांधायला. आणि एक प्रश्न शिकवला. कशावरून? कुणी काहीही सांगो, आधी विचारायचं, कशावरून. पुष्पाने तो असा उचलला की मी आज सोमवार म्हटलं तरी ती कॅलेंडर बघून यायची.

एक दिवस मापांचा धडा काढला. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, मी म्हटलं. कशावरून? म्हटलं, चला, तोलून बघू. दुधाचं लिटरचं माप घेतलं, तेलाचा रिकामा डबा घेतला आणि आम्ही मिलच्या दारातल्या काट्यावर गेलो. शेतकऱ्यांचा माल ज्यावर तोलून घेत तोच, लोखंडी पाटाचा. तिघेचौघे मुगाची पोती घेऊन रांगेत होते. दिलीप माप ओतत मोठ्याने मोजत होता. पंधरा लिटर. डब्याचं वजन वजा केलं. काटा सांगत होता चौदा.

पुन्हा केलं. चौदा.

पुष्पाने विचारलं, "सर, पाणी खोटं की काटा?"

मी काय करून बसलोय ते मला तेव्हा कळलं. रांगेतली माणसं जवळ आली होती. आणि नाना ऑफिसच्या पायरीवर उभे होते.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हसत आले. डबा पायाने बाजूला सारला. मला म्हणाले, "मास्तर, काट्यावर उभे राहा."

मी चपला काढून उभा राहिलो. चपला का काढल्या, देव जाणे. पाय असे लटपटत होते की काट्याची दांडी नाचायला लागली. हमाल म्हणाला, मास्तर, हलू नका. शेवटी एकदाची दांडी थांबली. त्रेपन्न.

"त्रेपन्न किलो," नाना रांगेकडे बघत म्हणाले. "यात अक्कल किती निघेल? तुमच्या लोकांना दोन बुकं वाचता आली की ज्याचं खाता त्याच्यावरच उलटता."

हमाल हसले. मीही हसलो. हे लिहायला नको वाटतं. पण हसलो.

मग नानांनी हळूच सांगितलं, माझं माप चुकलं असं मी मुलांना सांगावं. मोठ्याने. त्यांच्या शिक्षणसंस्थेच्या खेड्यातल्या शाळेत मला कायमची जागा मिळायची होती. फिटनेसच्या दाखल्यासाठी परवाच सिव्हिलमध्ये तपासणी झाली होती. फक्त नानांची सही राहिली होती. आईने तर अख्ख्या वस्तीत सांगून टाकलं होतं.

मी म्हणालो, "माझं माप चुकलं. काटा बरोबर आहे."

पुष्पाने कशावरून विचारलं नाही.

रांगेत पुढे भिका आबा होता. आमच्या शेजारच्या पाड्यावरचा, माझ्या बापाच्या ओळखीतला. तो म्हणाला, "मास्तर, तू शिकेल माणूस शे. तू सांगशी ते खरं." आणि त्याने काट्यावर ठेवायला पोतं उचललं.

मी अजून काट्यावरच. नाना म्हणाले, उतरा. मी उतरलो नाही. शौर्य वगैरे काही नाही, पाय हलेनात. मी उतरलो की पोतं चढणार, एवढं मात्र दिसत होतं. माझ्या शब्दावर चढणार. आणि मला तो दाखला आठवला.

"नाना," मी म्हटलं, "परवा सिव्हिलमध्ये माझं वजन सत्तावन्न भरलं."

पुष्पा बोटांवर हिशेब करत होती. "पंधराला एक जातो," ती म्हणाली. "म्हणजे सत्तावन्नाला जवळजवळ चार. बरोबर येतं, सर."

भिका आबाने पोतं मागे ओढलं. मग त्याच्या मागच्यानेही. नाना माझ्याकडे बघतच नव्हते. नातीकडे बघत होते. दंडाला धरून तिला आत नेलं.

तिची शिकवणी त्या दिवशी संपली. पुढे तिला शाळेत घातलं का, मला कधी कळलं नाही. मी दोनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि घाबरून परत आलो. माझी जागा गेली, ती जाणारच होती. आता मी पायथ्याच्या गावांत शाळा सुटलेल्या मुलांना शिकवतो. मनिऑर्डर, वेळापत्रक, जखम धुणं. आणि कशावरून. भीती गेलेली नाही. मोठा माणूस समोर आला की अजून आधी चपला काढतो.

पण त्या संध्याकाळीच एक ठरवलं होतं. भिका आबाच्या पोत्यांवर बसून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, चोपड्याच्या रस्त्याला. घाबरलो तर घाबरलो, पाय लटपटले तर लटपटू देत. मी शिकवलेल्या मुलाला उत्तर देताना माझ्या नोकरीला विचारणार नाही. यापुढे पहिला शब्दच खरा निघेल, आणि नाही निघाला तर मी शिकवणं सोडीन.

हे सगळं मी आबाला मोठ्या ऐटीत ऐकवलं. तो शाबासकी देईल असं वाटलं होतं. त्याने विडी पेटवली, एक झुरका घेतला आणि म्हणाला,

"पहिले त तू खोटंच बोलना. मी पोतं उचली लिन्हं व्हतं."