शेडच्या कोपऱ्यांची पट्टी

आमचे हे चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायचा त्यांना पगार मिळतो. हे कौशल्य कंपनीच्या गेटवर जमा करून घरी यायची सोय असती, तर आमचा संसार बराच सुखाचा झाला असता.

रावेतला आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा होती. तिथे माझ्यासाठी शेड उभी राहिली. लोखंडी सांगाडा, वर पत्रा आणि भिंतींना फायबर सिमेंटचे बोर्ड. तोवर मी बेडरूममध्ये पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत बसून ब्लाउज शिवायचे. ताथवड्याच्या एका शाळेने गणवेशांचं काम देऊ केलं होतं. जागा वेगळी आणि कोरडी हवी, एवढीच अट. मे संपायच्या आत शाळेच्या बाई ती बघायला येणार होत्या. तीन मशीन कुठे ठेवायच्या, कुठल्या दोन बायकांना हाताखाली घ्यायचं, सगळं माझ्या मनात ठरून गेलं होतं.

एप्रिलमध्येच बोर्ड लागले. राहिली ती फक्त पट्टी. बोर्डांचे सांधे आणि चार कोपरे झाकायचे, म्हणजे धूळ-पाणी आत येत नाही. लातूरकडचा मिस्त्री म्हणाला, बोर्डाच्याच पट्ट्या कापून लावू, एका दिवसात काम संपेल. ह्यांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू त्याने ब्रेक नसलेली गाडी विकायला काढली आहे.

"सॅम्पल अप्रूव्ह झाल्याशिवाय काहीही बसवायचं नाही," हे म्हणाले.

मग सॅम्पलं आली. एक ॲल्युमिनियमचं, एक पीव्हीसीचं, एक बोर्डाचं. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली. एकेक तुकडा आठवडाभर माझ्या धुण्याच्या बादलीत बुडवून ठेवला, एकेक गच्चीवर उन्हात. मी धुणं कशात भिजवायचं, हा प्रश्न त्यांच्या फॉर्मवर नव्हता. शिफ्टवरून आले की बूटसुद्धा न काढता हे शेडमागे जायचे, फटी मोजायच्या पातळ पात्यांचं गेज सांध्यात घालून बघायचे आणि वहीत आकडा लिहायचे. शेड होती हो, विमान नव्हतं. कंपनीत ह्यांच्या सहीवाचून माल पुढे सरकत नाही म्हणे. घरी त्या सहीला कुणी विचारत नाही, त्याचं उट्टं त्या पट्टीवर निघत होतं.

भरीला शेजारचे काका. जुन्या गावातले. जमीन बिल्डरला दिल्यापासून दुसऱ्याच्या बांधकामावर उभं राहून सल्ले देणं हाच त्यांचा उद्योग.

"आवो, गोल्डन लावा गोल्डन! रस्त्यावरून दिसाया पायजे."

"काका, शेड घरामागे आहे. रस्त्यावरून कशी दिसेल?"

"न्हाई दिसली तर न्हाई. पावण्यांना दावता तर येती!"

झालं, चौथं सॅम्पल आलं, सोनेरी. आणि नियम म्हणजे नियम, म्हणून चारही तुकड्यांची चाचणी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू झाली. रविवारी दोघं खुर्च्या टाकून पट्टीवर तासन्‌तास बोलत. मी चहा नेऊन देत होते. त्या सगळ्या चर्चेत शिलाई मशीनचा उल्लेख मी एकदाही ऐकला नाही.

शाळेच्या बाई ठरल्या दिवशी आल्या. कोपऱ्यातल्या फटीतून बाहेरचं ऊन आत पडलं होतं. त्यांनी मी आत मांडून ठेवलेल्या कटिंगच्या टेबलावरून बोट फिरवलं आणि बोटावरची धूळ मला दाखवली. "शर्ट पांढरे आहेत हो आमचे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्याच आठवड्यात ॲल्युमिनियम मंजूर झालं. सही झाली, पट्टी बसली. इतकी चोख बसली की ह्यांच्या गेजचं सगळ्यात पातळ पातंही आत जात नाही. आता शेडमध्ये ह्यांची मोटरसायकल, जुना कूलर आणि काकांनी ठेवायला दिलेल्या मांडवाच्या खुर्च्या असतात. गणवेश मारुंजीच्या एका बाई शिवतात. मी मुद्दाम जाऊन बघून आले. त्यांच्या पत्र्याच्या खोलीच्या फटींना पार्सलची चिकटपट्टी लावलेली आहे.

ही हकिगत मी बायकांना रंगवून सांगते. त्या ह्यांना आणि काकांना मनसोक्त नावं ठेवतात, मीही ठेवते. एक दुपार मात्र मी गाळते.

शाळेच्या बाई यायच्या चार दिवस आधीची ती दुपार. हे फर्स्ट शिफ्टला, काका कुठल्याशा लग्नाला. मिस्त्री दारात आला. बोर्डाच्या पट्ट्या तो कापून, घासून, रंगवून घेऊन आला होता.

"ताई, समद्या पट्ट्या तयार हायत. तुमी फकस्त व्हय म्हना. सांजच्याला मशीन आत ठिवा."

शेड माझी होती, काम माझं होतं, घरात आडवं येणारं कुणी नव्हतं. पट्टी मी हातात घेऊनसुद्धा बघितली. छान होती. आणि मी म्हणाले, "ह्यांना विचारून सांगते."

ह्यांचा मला राग येतो, काकांचं हसू येतं. त्या वाक्याची मात्र किळस येते. मिस्त्रीनं माझ्या हातातली पट्टी घेतली, बाकीच्यांबरोबर गाडीला बांधली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.